नव्या शहरात साधं आणि चांगलं खाणं कसं शोधायचं: हॉटेलं, बेकऱ्या आणि गाड्यांच्या शोधाची पद्धत

नव्या शहरात राहायला गेल्यावर घर, बँक, सिमकार्ड यांची सोय लवकर लागते. खाण्याचं मात्र "बघू हळूहळू" असं होतं, आणि हळूहळू म्हणता म्हणता ऑफिसखालचं एक हॉटेल आणि मोबाइलमधलं एक अ‍ॅप एवढ्यावरच वर्ष निघून जातं. शिक्षणासाठी, बदलीवर किंवा काही महिन्यांच्या कामासाठी परक्या शहरात आलेल्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. महागड्या उपाहारगृहांचा विचार इथे केलेला नाही, कारण ती आपण होऊन आपल्यापर्यंत पोहोचतात. शोधाव्या लागतात त्या साध्या जागा: चार टेबलांची खानावळ, कोपऱ्यावरची बेकरी, संध्याकाळी लागणारा गाडा, चहा-कॉफीचं जुनं दुकान.

शहर कोणतंही असो, माझा शोध एकाच प्रश्नापासून सुरू होतो: इथे तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं का? ज्या हॉटेलाचा गल्ला रोजच्या माणसांवर चालतो, त्याला वाईट ताट वाढणं परवडत नाही. सोमवारी भाजी बिघडली तर मंगळवारी गिऱ्हाईक तोंडावर सांगतं आणि बुधवारी समोरच्याकडे जातं. ज्याचा गल्ला वाटसरूंवर चालतो, त्याच्याकडे आज जेवलेला माणूस तसाही परत येणार नसतो, त्यामुळे तो नाराज होऊन गेला तरी धंद्याला झळ लागत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या हा फरक बाहेरून ओळखण्यासाठी आहेत.

जवळ काय असावं

- नकाशाचं अ‍ॅप असलेला फोन, आणि त्यात शहराचा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला. गल्लीबोळात नेटवर्क जातं.
- खिशात मावणारी वही किंवा फोनमधली एक साधी नोंद.
- सुटे पैसे. लहान जागी कार्ड किंवा अ‍ॅपने पैसे घेतीलच असं नाही.
- बस किंवा लोकल गाडीचा पास. पास असला की दुसऱ्या टोकाच्या भागात जायला मन कचरत नाही.
- स्थानिक भाषा येत नसेल तर सहा-सात वाक्यं पाठ: आज ताजं काय आहे, तिखट आहे का, यात मांस किंवा मासे आहेत का, पुढचा घाणा कधी निघेल, वगैरे.
- अ‍ॅलर्जी किंवा कडक पथ्य असेल तर ते स्थानिक भाषेत आणि लिपीत लिहिलेला कागद. हे तोंडी सांगण्यावर सोडू नका. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून १४ ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे; तसा नियम नसलेल्या ठिकाणी तुमचा कागद हाच आधार.

१. आधी माणसं शोधा, मग जागा

नकाशा उघडण्याआधी विचार करा: या शहरात रोज बाहेर जेवणं कुणाला भाग आहे? घाऊक बाजारातले हमाल आणि व्यापारी, मोठ्या रुग्णालयातले निवासी डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक, कोर्टाच्या आवारातले वकील-कारकून, बस आगारातले चालक-वाहक, वसतिगृहातले विद्यार्थी, गॅरेज आणि छापखान्यांच्या गल्ल्यांतले कामगार. यांच्याकडे वेळ कमी असतो, पैसे मोजके असतात आणि उद्याही तिथेच यायचं असतं. त्यांच्या पायवाटेवर जे हॉटेल टिकून आहे, त्याने जेवण पोटभर आणि चवीला बरं ठेवलेलं असतं. घाऊक बाजाराभोवतीच्या जागा तर पहाटेच उघडतात आणि दुपारपर्यंत आवरतात. उशिरा उठणाऱ्याला त्या कधी दिसतच नाहीत.

दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या प्रांतातून किंवा देशातून आलेल्यांच्या वस्त्या. तिथे रांधणारा आणि खाणारा एकाच गावचे असतात, त्यामुळे परक्या जिभेसाठी चव सौम्य करायची गरज पडत नाही. अशी वस्ती ओळखायची खूण सोपी आहे: त्या प्रदेशाचा किराणा विकणारं दुकान, त्याच लिपीतल्या पाट्या, घरी पैसे पाठवायचं केंद्र आणि प्रार्थनास्थळ हे जवळजवळ दिसलं की आसपास चार खाण्याच्या जागा असणारच. किराणा दुकानदाराला विचारा. स्वयंपाकाचं सामान त्याच्याकडून कोण नेतं हे त्याला नेमकं माहीत असतं.

तिसरा मुद्दा भाड्याचा. मुख्य चौकात, पर्यटकांच्या ठिकाणासमोर, मोठ्या मॉलमध्ये भाडं जबर असतं आणि ते वसूल करायला ताटाचा भाव वाढतो, नाहीतर ताटातलं काही तरी कमी होतं. म्हणून प्रसिद्ध ठिकाणापासून दोन-तीन गल्ल्या आत चालत जा. याला अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे: जागा स्वतःच्या मालकीची असेल, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असेल, तर ऐन चौकातही साधं आणि उत्तम खाणं मिळतं.

२. नकाशावर शोधताना

"जवळची सर्वोत्तम हॉटेलं" असं टाइप केलंत की सगळ्यांना जी यादी दिसते तीच तुम्हाला दिसेल. गूगल आपल्या स्थानिक निकालांचा क्रम तीन गोष्टींवर लावतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि जागेची प्रसिद्धी. म्हणजे जी आधीच प्रसिद्ध आहे ती वर. हे टाळायला तीन उपाय करा.

पहिला, पदार्थाच्या नावाने शोधा, आणि स्थानिक भाषेत, स्थानिक लिपीत. परकी पाटी न लावणारी हॉटेलं तेव्हाच वर येतात. दुसरा, नकाशा एका मोहल्ल्यापुरता मोठा करा आणि मग पुन्हा शोधा. प्रत्येक वेळी सरकवलं की नवी नावं दिसतात. तिसरा, गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा, मालकाने टाकलेले सोडून द्या. गिऱ्हाइकांच्या फोटोत ताट खरं दिसतं, आणि मागच्या टेबलावर कोण बसलंय तेही. फोटोत फक्त भिंतीवरची सजावट आणि दिव्यांच्या माळा असतील तर लोक तिथे कशासाठी जातात ते कळलंच.

घरपोच खाणं देणाऱ्या अ‍ॅपवर एक सापळा असतो. एकाच भटारखान्यातून पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी खाणं विकलं जातं, प्रत्येक नावाचा मेन्यू वेगळा. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, पण तुम्ही शोधताय ती जागा ही नव्हे. पत्ता तपासा. एकाच पत्त्यावर अनेक नावं दिसली, किंवा पत्त्यावर बसायची जागाच नसली, तर ओळखा.

३. अभिप्राय वाचायचे कसे

तारे म्हणजे पैसे, हे आधी लक्षात घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लूका यांनी २०११ मध्ये येल्प या संकेतस्थळावरच्या अभिप्रायांचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की हॉटेलाचा महसूल ५ ते ९ टक्क्यांनी वाढतो असं त्यांना आढळलं, आणि हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होतो, साखळी हॉटेलांवर होत नाही. इतका पैसा अडकलेला असल्यावर खोटे अभिप्राय येणारच. लूका आणि जॉर्जिओस झेर्वास यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात बोस्टनमधल्या हॉटेलांचे सुमारे १६ टक्के अभिप्राय येल्पच्याच चाळणीने संशयास्पद ठरवलेले होते. खोट्या अभिप्रायांकडे वळण्याचा कल त्यांना नाव कमी झालेल्या हॉटेलांत जास्त दिसला. अमेरिकेत २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणं-विकत घेणं यावर थेट बंदीचा नियम आहे, पण वाचणाऱ्याने सावध राहायला हवंच.

म्हणून एकूण ताऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. अति खूश किंवा अति चिडलेला माणूस लिहायला बसतो, आणि रोज जेवून जाणारा कधीच लिहीत नाही. मी या क्रमाने वाचते:

आधी अभिप्राय "सर्वांत नवे" असे लावून घ्या. आचारी बदलतो, मालक बदलतो, आणि जुने कौतुक पाटीवर तसंच राहतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतला सूर मागच्यापेक्षा वेगळा असेल तर नव्याला माना.

मग तीन ताऱ्यांचे वाचा. तीन तारे देणारा माणूस बहुतेक वेळा तोलून लिहितो: काय चांगलं, काय नाही, दोन्ही.

त्यानंतर एक ताऱ्याचे वाचा, पण तक्रार कशाची आहे ते बघून. "बसायला जागा नव्हती", "वाट बघावी लागली", "बोलणं रुक्ष", "दुपारी दोनला संपलं होतं" या तक्रारी असलेल्या जागी मी आवर्जून जाते. संपलं होतं याचा अर्थ रोजचं रोज बनतं. "पोट बिघडलं", "शिळं गरम करून दिलं", "बिलात न घेतलेलं लावलं" अशी तक्रार वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत केलेली दिसली, तर ती जागा सोडा, वर कितीही तारे असोत.

कौतुकात नावं शोधा. खऱ्या गिऱ्हाइकाच्या लिहिण्यात पदार्थाचं नाव असतं, वार असतो, वेळ असते: अमुक पदार्थ फक्त गुरुवारी मिळतो, सकाळी अकराच्या आत जा. "अप्रतिम चव, उत्तम सेवा, नक्की भेट द्या" हे कोणत्याही हॉटेलाला चिकटवता येतं. असे एकसारखे अभिप्राय एकाच आठवड्यात भराभर आलेले असतील आणि लिहिणाऱ्यांच्या नावावर दुसरं काहीच नसेल, तर ते वाचायची गरज नाही.

मिशेलिनसारख्या नामांकित मार्गदर्शिकाही पूर्ण बाजूला ठेवू नका. माफक किमतीत चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी मिशेलिनची 'बिब गूर्माँ' ही वेगळी यादी १९९७ पासून आहे, आणि २०१६ मध्ये सिंगापूरमधल्या दोन साध्या खाद्यगाळ्यांना त्यांनी ताराही दिला. तुमच्या शहराची अशी यादी असेल तर सुरुवातीला चार नावं मिळतात. पण यादीत नाव आलं की रांग वाढते आणि रोजचं गिऱ्हाईक कधीकधी दूर जातं, हेही धरून चाला.

४. एक रस्ता निवडा आणि चालत जा

फोनवर जे सापडत नाही ते पायी सापडतं. लॉस एंजेलिसचे खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांनी तरुणपणी पिको बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या खाण्याच्या जागी जेवायचं मनावर घेतलं होतं. शहराच्या मध्यापासून समुद्रापर्यंत जाणारा हा लांबलचक रस्ता; वस्ती बदलते तसं त्यावरचं खाणं बदलतं. पुढे २००७ मध्ये समीक्षेचं पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले खाद्यसमीक्षक ठरले, आणि त्यांचं बरंचसं लेखन अशाच लहान, अनाकर्षक दिसणाऱ्या जागांबद्दल होतं. ही पद्धत कुणालाही जमण्यासारखी आहे. बसचा एक मार्ग किंवा एक जुना रस्ता घ्या, आणि दर सुट्टीला त्याचा एक तुकडा पायाखालून घाला.

वेळ नीट निवडा. तोच रस्ता तीन वेळी वेगळा असतो: पहाटे-सकाळी बेकऱ्या आणि न्याहारीच्या जागा, दुपारी कामगारांच्या खानावळी, संध्याकाळनंतर गाडे. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकदाच फेरी मारली तर कामाच्या दिवसांत भरणारी हॉटेलं बंद दिसतील आणि तुम्ही ती यादीतून कायमची काढाल. घरगुती जागांना आठवड्यातली एक सुट्टी असते, दुपारची विश्रांती असते. बंद दार दिसलं तर पाटीवरच्या वेळा वहीत उतरवून घ्या.

चालताना काय बघायचं? कामाच्या पोशाखातली माणसं आत आहेत का. एकटी जेवणारी माणसं आहेत का; एकटा माणूस गप्पांसाठी आलेला नसतो, जेवायला आलेला असतो. वयस्कर मंडळी आहेत का. वेटर न विचारता कुणापुढे काही आणून ठेवतो का. हे शेवटचं दिसलं की मी आत जाते.

रांगेबद्दल एक सूचना. रांग लांब असणं वेगळं आणि रांग पुढे सरकणं वेगळं. पाच मिनिटं लांबून बघा. माणसं भराभर घेऊन जात असतील, हातात पिशव्या-डबे घरून आणलेले असतील, तर ती रोजची रांग. सगळे फोन वर धरून फोटो काढत असतील तर ती अलीकडे कुठेतरी व्हिडिओ गाजल्याची रांग. दोन महिन्यांनी जा.

५. कुणाला आणि काय विचारायचं

"इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की समोरचा तुम्हाला पाहुणा समजतो आणि पाहुण्याला शोभेल असं नाव सांगतो. तेच "तुम्ही आज दुपारी कुठे जेवलात?" असं विचारा. उत्तर एकदम बदलतं. अजून नेमकं विचारलं तर अजून चांगलं: "रात्री उशिरा काम संपलं तर काय खाता?", "घरी पाहुणे आले की बेकरीतून काय आणता?", "हा पदार्थ तुमच्या आईला बाहेरचा चालेल अशी जागा कुठली?"

विचारायला उत्तम माणसं म्हणजे टॅक्सी-रिक्षाचे चालक, टपाल वाटणारे, भाजीवाले, केस कापणारे, इमारतीचे पहारेकरी. आणि जेवून खूश झालात तर त्याच हॉटेलच्या आचाऱ्याला विचारा की सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे खाता. मला मिळालेली सर्वांत भरवशाची नावं या एका प्रश्नातून आलेली आहेत.

६. दारात उभं राहून ठरवा

आत शिरण्याआधी मेन्यू बघा. लहान भटारखाना आणि पाच पानांचा मेन्यू हे गणित जुळत नाही. एवढे पदार्थ द्यायचे तर बरंचसं आधी करून गोठवलेलं असणार. पाच-सात पदार्थ असलेली, फळ्यावर खडूने लिहिलेली, संपलेल्या पदार्थावर रेघ मारणारी जागा पत्करा. दारात उभं राहून बोलावणारा माणूस आणि आठ भाषांतला फोटोंचा मेन्यू दिसला तर ती जागा वाटसरूंसाठी आहे.

स्वच्छतेकडे काणाडोळा करू नका. साधी जागा अस्वच्छ असायलाच हवी ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं दिली: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. यातली बरीचशी दारातूनही दिसतात. जंतू ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, म्हणून गरम पदार्थ वाफाळतच राहिला पाहिजे आणि थंड पदार्थ थंडच. दुपारपासून कोमट परातीत पडलेलं काही घेऊ नका. डोळ्यांसमोर तव्यावरून किंवा कढईतून निघालेलं घ्या. कच्च्या मांसाचा हात आणि तयार पदार्थाचा हात एकच आहे का, पैसे घेणारा तोच हात आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. तळणीचं तेल काळं, फेसाळ आणि धुरकट असेल तर पुढे चला. वापरून खराब झालेलं तेल मोजायचं ठरलेलं माप आहे: भारतात तेलातल्या ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के आहे. आपल्याला ते मोजता येत नाही, पण खवट वास नाकाला समजतो.

काही शहरांत सरकारी तपासणीचा शेरा दारावरच असतो. लॉस एंजेलिस परगण्यात १९९८ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून ए, बी, सी अशी श्रेणी लावतात. डेन्मार्कमध्ये २००१ पासून हसऱ्या-दुर्मुखलेल्या चेहऱ्यांचा अहवाल असतो. ब्रिटनमध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला ० ते ५ गुण देतात. वेल्समध्ये ते दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही, त्यामुळे तिथे स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर नाव शोधा. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बिलावर किंवा भिंतीवर असतो. तुमच्या शहरात काय पद्धत आहे ते आल्या आल्या शोधून ठेवा. हा शेरा चवीबद्दल काही सांगत नाही, पण सगळ्यात खालचा शेरा असलेली जागा टाळायला पुरेसा आहे.

७. बेकरीचा शोध वेगळा

हॉटेलात गर्दीच्या वेळी जायचं, बेकरीत भट्टीच्या वेळी. पाटीवर बेकरी लिहिलं म्हणजे पीठ तिथेच मळलं जातं असं नाही. पुष्कळ दुकानांत कारखान्यातून आलेले गोठवलेले गोळे फक्त भाजले जातात. फ्रान्सने यावर १९९८ मध्ये कायदाच केला: पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं जागेवर होत असेल तरच दुकानाला 'बुलांजरी' म्हणवता येतं. बाकी जगात आपल्यालाच ओळखावं लागतं, आणि भाजण्याच्या वासावर तर अजिबात विसंबू नका, कारण गोठवलेला गोळा भाजला तरी वास तितकाच छान सुटतो.

मग ओळखायचं कशावरून? सगळे नग साच्यातून काढल्यासारखे सारखे असतील तर शंका घ्या. हाताने घडवलेल्या पावांत थोडा फरक राहतो. मागे पिठाची पोती, मळायचं यंत्र, पिठाने माखलेले कामगार दिसतात का बघा. सरळ विचारा, "पीठ इथेच मळता का? पुढचा घाणा कधी निघतो?" खरा बेकर या प्रश्नाने खूश होतो आणि नेमकी वेळ सांगतो. त्या वेळेला जा. संध्याकाळी फळ्या रिकाम्या असलेली बेकरी ही चांगली खूण. रात्री नऊलाही सगळे प्रकार भरगच्च असतील तर उरलेल्याचं काय होतं हा प्रश्न पडायला हवा.

पहिल्यांदा सर्वांत साधा पाव घ्या. मलई, चॉकलेट, मसाला यांच्याखाली पुष्कळ काही लपतं. साध्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढंच असतं. कवच नीट तांबूस-तपकिरी हवं. फिकट पाव लवकर बाहेर काढलेला असतो, आणि भाजण्याची खमंग चव येते ती याच तांबूसपणातून. तळाशी बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज यावा. आतल्या भागाला धान्याचा वास हवा. हळूहळू आंबवलेल्या पावाला हलकी आंबूस झाक असते. तोडल्यावर गोळा होऊन टाळूला चिकटत असेल तर तो नीट भाजलेला नाही. गरमागरम पाव लगेच कापू नका, आतली वाफ स्थिरावेपर्यंत तो गिचका लागतो, आणि मग बेकरीला विनाकारण नापास कराल.

लोण्याच्या बिस्किटांची परीक्षा तोंडातच होते. लोणी शरीराच्या तापमानाला पूर्ण वितळतं. खाऊन झाल्यावर टाळूवर मेणासारखा थर राहिला, तर त्यात जास्त तापमानाला वितळणारी वनस्पती चरबी आहे. नाव 'बटर' असलं तरी.

घरी आणलेल्या पावाचंही सांगते, कारण चांगला पाव घरी बिघडवला की दोष बेकरीवर जातो. पाव शिळा होतो तो फक्त सुकल्यामुळे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसेंगो यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं की पाणी न गमावताही पाव शिळा होतो. पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. हे सगळ्यात वेगाने होतं फ्रीजच्या तापमानाला. म्हणून पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. एक-दोन दिवसांचा बाहेर कापडात किंवा कागदात ठेवा, जास्तीचा काप करून फ्रीझरमध्ये. शिळा झालेला पाव आतपर्यंत ६० अंशांच्या वर तापवला की बराचसा पूर्ववत मऊ होतो, पण तो लगेच खायचा. मलईचे पदार्थ मात्र थंड कपाटातूनच घ्या. बाहेर मांडलेले नकोत.

८. पहिल्या भेटीत मागवायचं काय

आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे ते बघा आणि तेच मागा. जागेच्या नावातच पदार्थ असेल तर प्रश्नच नाही. "तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय जातं?" असं विचारा, "काय चांगलं आहे?" याला "सगळंच" हे एकच उत्तर असतं. जास्त खपणारा पदार्थ ताजा असतो, हात बसलेला असतो. एक पदार्थ घ्या, फार तर दोन. ओळखीचा पदार्थ आपल्या घरच्यासारखा आहे का हे बघत बसू नका, त्या शहरात तो कसा करतात ते बघा. भाव लिहिलेला नसेल तर आधी विचारा, आणि बिलात सेवा शुल्क आधीच धरलंय का ते पाहून मगच वरचे पैसे ठेवा.

९. नोंद ठेवा आणि पुन्हा जा

बाहेर पडल्या पडल्या चार ओळी लिहा: काय खाल्लं, किती वाजता, कोणता वार, परत जाईन का. चवीची आठवण फार लवकर पुसट होते, आणि महिन्याभराने "ती कुठली गल्ली होती" एवढंच उरतं. नकाशावर दोन याद्या करा, एक "जायचं आहे" आणि एक "पुन्हा जायचं". दुसऱ्या यादीत नाव टाकायची माझी अट आहे की त्या जागी किमान दोनदा, वेगवेगळ्या वारी आणि वेळी जेवलेलं हवं. एका भेटीत आचाऱ्याची सुट्टी असू शकते, तुमचंच पोट किंवा मन ठिकाणावर नसू शकतं. दुसऱ्या भेटीत चव तीच आली तर ती त्या जागेची चव.

आवडलेल्या जागी ठरावीक वारी, ठरावीक वेळी जात राहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी मेन्यूत नसलेलं कळायला लागतं: शुक्रवारचा खास पदार्थ, लवकर संपणारा, मालकाच्या घरचं लोणचं, पुढच्या आठवड्यात बंद राहणार असल्याची आगाऊ सूचना. तिथल्या रोजच्या गिऱ्हाइकांशीही बोलणं होतं आणि पुढची नावं तिथूनच मिळतात.

यादी दर काही महिन्यांनी तपासा. हात बदललेल्या जागा खाली सरकवा. आणि एक काम आवर्जून करा: नकाशावर वेळा चुकीच्या असतील तर दुरुस्त करा, मेन्यूच्या फळ्याचा फोटो टाका, आणि अभिप्राय लिहिताना पदार्थाचं नाव, वार आणि वेळ लिहा. लहान हॉटेलवाल्याला हे सगळं करायला सवड नसते, आणि तुमच्यानंतर त्या शहरात येणारा नवखा माणूस तेच शोधत असतो.